ठासणीच्या बंदुकीचा वाकलेला गज सरळ होईल का?

जावळीकर

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून एकनळी ठासणीची बंदूक आहे. परवान्यावर एस.बी.एम.एल. (सिंगल बॅरल मझल लोडर) अशी नोंद. शेतीरक्षणाचा परवाना आजोबांच्या मागं वडिलांच्या नावावर झाला. बार भरून आता बरीच वर्षं झाली, पण दर खंडेनवमीला ती पाटावर येते आणि एरवीही वडील तिला दुसऱ्या कुणाला पुसू देत नाहीत.

गेल्या निवडणुकीत नियमाप्रमाणं बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. तिथं ती तीनेक महिने राहिली. गज, म्हणजे नळीत बार ठासायची लाकडी काठी, कड्यांतून काढून सुतळीनं वेगळा बांधलेला, खिडकीखाली तिरपा टेकवलेला. परत मिळाली ती ऐन आषाढात. घरी आणून बघतो तर गज नळीखालच्या कड्यांत शिरेना. फरशीवर ठेवला की होडीसारखा डुलतो.

मापं देतो. लांबी ३८ इंच, जाडी १० मिलिमीटर, आतल्या टोकाला पितळी टोपी. दोन्ही टोकांना दोरा ताणून बघितला तर मधोमध २२ मिलिमीटरचा बाक. शिवाय टोपीपासून वीतभर अंतरावर एक वेगळी मुरड आहे, ती त्या मोठ्या बाकाच्या उलट दिशेला.

गावात सगळे म्हणतात नवा करून घ्या, शे-दोनशेचं काम. पण या गजावर आजोबांनी चाकूनं पाडलेल्या दोन खाचा आहेत. रिकाम्या नळीत गज सोडला की वरची खाच नळीच्या तोंडाशी येते, बार भरलेला असला की खालची. शेवटची पाच वर्षं आजोबांना दिसत नव्हतं, तरी अंगठा फिरवून ते बंदूक भरलेली आहे की नाही ते सांगायचे. हा गज मला टाकायचा नाही.

सरळ होतो का? झाला तर पुन्हा वाकेल का? घरी जमेल की सुताराकडं न्यावा?

पाटणखोरे

गज राहू दे बाजूला. बंदूक रिकामी आहे हे तुम्ही स्वतः बघितलंय का? जुन्या ठासणीच्या बंदुका वर्षानुवर्षं भरलेल्या राहतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू पन्नास वर्षांनीही पेट घेते. आमच्या चुलत्यांच्या घरी भिंतीवरची बंदूक अशीच भरलेली निघाली होती. तिच्याखाली पोरं झोपायची.

वाकलेल्या गजानं बघू नका, अडकेल. एक सरळ वेळूची काठी हळू आत सोडा, नळीच्या तोंडाशी चिमूट धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. काठी घोड्याखालच्या निपलपर्यंत पोचली पाहिजे. दोन-तीन बोटं कमी पडली तर आत काहीतरी आहे. मग हात लावू नका, परवाना असलेल्या शस्त्रदुरुस्तीवाल्याकडं जा.

जावळीकर

@पाटणखोरे, बघितलं दादा. निपलपर्यंत पोचली, रिकामी आहे. वडिलांनीही दुसऱ्यांदा बघितलं.

रंदा_पटाशी

मी कराडचा, सुतारकाम तिसऱ्या पिढीचं. बंदुकीतलं मला कळत नाही, लाकडातलं कळतं, तेवढं सांगतो.

सरळ होईल का हे बाक किती आहे त्यावर ठरत नाही, रेष कशी आहे त्यावर ठरतं. गज हातात घ्या, उन्हात धरा आणि एका टोकाकडून लाकडाची रेघ डोळ्यानं धरत दुसऱ्या टोकाला जा. भिंग असेल तर उत्तम. रेघ टोकापासून टोकापर्यंत गजाबरोबर चालली असेल तर तो फोडून काढलेला आहे, म्हणजे कुऱ्हाडीनं उभा चिरा पाडून मग तासलेला. असा गज हजार वेळा वाकला तरी सरळ करता येतो. रेघ मधेच अंगाबाहेर निघत असेल तर तो फळीतून करवतीनं कापलेला आहे. करवत आपल्या सरळ जाते, लाकूड त्याच्या मनानं जातं. असला गज दिसायला सरळ केला तरी जोर आला की त्याच रेघेवर तिरका तुटतो.

आता तो वाकला का. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. प्यायलं की आडवं फुगतं, सोडलं की आडवं आकसतं, लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. आडव्यातही सगळीकडं सारखं नाही: वर्षवलयांच्या कडेनं जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडं. तुमचा गज खिडकीखाली तिरपा होता. एका अंगाला ऊन, दुसऱ्याला भिंतीची ओल, आणि मधे स्वतःच्या वजनाचा झोल. तीन महिने पुष्कळ झाले.

आडव्या कापाचा फोटो टाका. टोपी काढल्यावर जे टोक दिसेल त्याचा. लाकूड कोणतं ते बघू.

साताराचा_शिवार

वाचतोय. आमच्याकडंही एक आहे, पण तिचा गजच हरवलाय.

माणदेशी_मेंढका

ह्येला येवढा इचार कशाला करायचा. आमच्यात काठी वाकली की म्हातारी माणसं शेणीच्या निखाऱ्यावर धग दाखवायची. धग म्हंजी धग, जाळ न्हवं. काठी फिरवत ऱ्हायची, हाताला चटका बसाय लागला की गुडघ्याव धरून दाबायची आन तशीच धरून गार हुस्तवर बसायचं. हितंच समदी चुकत्यात. गरम असताना सोडली की परत जाती जाग्याव. सरळ हुन जरा पल्याड न्यायची, मग येती बरुबर.

मग गोडं तेल चोळून आढ्याला उभी टांगायची, खालच्या टोकाला धोंडा बांधून. भितीला टेकवायची न्हाई. मेंढरामागं उभ्या पावसात आन उभ्या उन्हात फिरलेल्या काठ्या हायत त्या, अजून सरळ हायत.

रंदा_पटाशी

@माणदेशी_मेंढका, गार होईपर्यंत धरायचं हे लाख मोलाचं. लाकडाचे धागे जोडून ठेवणारा जो चिकट भाग असतो, तो उष्णतेनं आणि ओलीनं मऊ होतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट बसतो. ज्या आकारात गार झाला तो आकार त्याचा. तेलाबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे, ते पुढं लिहितो.

कृष्णाकाठ_वाई

मला धग देण्याची भीती वाटते, शंभर वर्षांचं लाकूड आहे. एक सोपा उपाय: आत वळलेल्या बाजूला ओलं फडकं दोन दिवस गुंडाळून ठेवा. ती बाजू फुगेल आणि गज आपोआप सरळ होईल. मी पोळपाटाला केलंय, झाला सरळ.

रंदा_पटाशी

ताई, सरळ होतो हे खरं. पण वाळला की? फुगवून केलेला सरळपणा पाण्याचा असतो, पाणी गेलं की तोही गेला. पोळपाट रोज पाणी पितो म्हणून तुमचा टिकला. बंदुकीच्या कडीत बसणारा गज ओला ठेवता येत नाही, वरची नळी गंजेल.

एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. गरम लाकूड दाबलं जातं भरपूर, ताणलं जातं अगदी थोडं. वाफेवर मऊ केलेलं चांगलं लाकूड शंभराला पंचवीस-तीसपर्यंत दाबून घेतं, ताणलं मात्र एक-दोनच्या पलीकडं की तटकन जातं. म्हणून सरळ करताना धग फुगलेल्या बाजूला द्यायची, म्हणजे ती बाजू दबून आखूड होईल. आत वळलेली बाजू तापवून ताणायला गेलात तर ती चिरते.

कृष्णाकाठ_वाई

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मी नेमकं उलट्या बाजूला लक्ष देत होते. धन्यवाद.

गनिमी_कावा

लाकडी गजाचा हट्ट सोडून लोखंडी करून घ्या. प्रशियाच्या सैन्यात देसाऊच्या लिओपोल्डनं लोखंडी गज आणला आणि १७१८पर्यंत तो त्यांच्या सगळ्या पायदळात गेला. लाकडी गज लढाईच्या घाईत तुटायचे, आणि गज तुटला की शिपायाच्या हातात नुसती नळी. १७४१ साली मोलविट्झला प्रशियाचं पायदळ भरभर बार भरत ऑस्ट्रियाच्या सैन्याला भारी पडलं, त्यात या लोखंडी गजाचा वाटा मोठा होता. नंतर इंग्रजांनीही आपल्या फौजी बंदुकांचे लाकडी गज बदलून पोलादी केले. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांनाही लोखंडी गज पुष्कळ दिसतात. वाकण्याची भानगडच नाही.

पाटणखोरे

लोखंडी गजही वाकतो, आणि वाकला की नळीला आतून ओरखडे काढतो. शिवाय जुन्या मऊ लोखंडाच्या नळीचं तोंड रोजच्या घासण्यानं एका बाजूला झिजतं. फौजेची गोष्ट वेगळी, त्यांना मिनिटाचा हिशोब होता. जावळीकरांना तर आजोबांचा गज जपायचाय.

गनिमी_कावा

मान्य. मी फक्त वापराच्या बाजूनं बोलत होतो. जपायचाच असेल तर माझा सल्ला मागं घेतो.

मिरजेची_तार

मी सतारमेकर गल्लीतला. धागा उघडला आणि घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण झाली, म्हणून लिहितो.

मिरजेत सतार-तंबोरा करणारी घराणी मूळची शिकलगार. तलवारी, भाले, बंदुका घासायची, दुरुस्त करायची कामं. एकोणिसाव्या शतकात संस्थानं इंग्रजांच्या छत्राखाली आली, हत्यारांचं काम आटलं, आणि आमच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं हातात घेतली. लोखंड घासणारे हात तुणीच्या लाकडावर आणि पंढरपूर भागातल्या भोपळ्यांवर आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. तेव्हा गज हा आमच्या पणजोबांच्या कामातलाच विषय.

सतारीच्या दांडीलाही बाक येतो. तारा ओढतात, हवा ओढते. आम्ही धग देऊन उलटा ताण लावतो, पण त्याच्या आधी दांडी महिनाभर नुसती कारखान्यात उभी ठेवतो. काही करायचं नाही. ज्या हवेत ती राहणार त्या हवेशी तिची ओल जुळू द्यायची. पावसात भिजलेलं लाकूड तातडीनं सरळ केलं तर दिवाळीत ते दुसरीकडं वाकतं. तुमचा गज आषाढात आलाय, जावळीच्या पावसातला. मी असतो तर धीर धरला असता.

जावळीकर

@मिरजेची_तार, हे फार उपयोगी. आमच्याकडं पाऊस किती ते सांगायला नको, पलीकडच्या डोंगरावर महाबळेश्वर. घरात कपडे वाळत नाहीत. गज चुलीच्या खोलीत उभा टांगतो, खाली वजन बांधून. गणपती झाले की हात लावीन.

हळदीचं_शिवार

सांगलीकडचा अनुभव. आमच्या मळ्यात हळद वाफेवर शिजवायचं यंत्र येतं: बॉयलर, त्याला नळ्या, आणि हळदीचे ड्रम. दोन वर्षांपूर्वी खोऱ्याचे वाकडे दांडे मी त्या ड्रममध्ये हळदीवर आडवे ठेवले. पाऊण तासानं काढले तर वेताच्या छडीसारखे मऊ. दोन फळ्यांच्या मधे दाबून ठेवले, आठ दिवसांत सरळ. फक्त पिवळेधमक झाले आणि अजून तसेच आहेत.

साताराचा_शिवार

हळद लागली म्हणजे आता दांड्याचं लगीन लावायला हवं. 😀

ऊसपट्टा

आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीवर करतो. रस उकळताना वाफ आयती मिळते. चिकटपणा येतो थोडा, ओल्या फडक्यानं निघतो. मुंगळ्यांपासून मात्र सांभाळा.

कोरेगावची_लेक

मी इथं फारशी लिहीत नाही, पण हे लिहायलाच हवं.

माझे वडील शेतात रानडुकरं येतात म्हणून परवान्याची ठासणीची बंदूक ठेवायचे. मूळचा गज मोडला तेव्हा बाजारातून गोल दांडी आणून त्यांनी नवा केला. दिसायला सुंदर, आरशासारखा गुळगुळीत. एके दिवशी बार ठासताना तो मधून तिरका तुटला. वर धरलेला हात जोरात खाली आला आणि तुटलेलं अणकुचीदार टोक तळहातातून आरपार गेलं. मी आठ वर्षांची होते, ओसरीवर बसले होते. जवळच्या दवाखान्यात नुसतं बांधून परत पाठवलं, आत राहिलेली ढलपी चार दिवसांनी दुसरीकडं काढली. त्यांची दोन बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत.

रंदा_पटाशी यांनी रेषेबद्दल लिहिलंय ते वाचून आज मला कळलं की तो गज का तुटला. तो गज आम्ही जपून ठेवलाय. आत्ता काढून बघितला. रेघ बरोबर तुटलेल्या जागी अंगाबाहेर गेलेली आहे.

जावळीकर, तुमचा गज आठवण म्हणून जपायचा असेल तर खुशाल सरळ करा. वापरायचा असेल तर आधी रेष बघा. आणि गज कधीही टोकाला धरून ठासू नका, नळीच्या तोंडाच्या वर वीतभर अंतरावर धरायचा, थोडा थोडा आत घालायचा. तोंड, छाती नळीच्या वर आणायची नाही.

पाटणखोरे

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या भागातही वीतभर धरायचा हीच शिस्त होती, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं.

रंदा_पटाशी

ताई, वाचून हात थांबला. बाजारातल्या गोल दांड्या यंत्रावर फळीतून काढतात, रेष कुणी बघत नाही. पडद्याला ठीक आहेत. ज्याच्यावर माणसाच्या हाताचा जोर येणार त्याला फोडलेलं लाकूडच हवं. कुदळ, कुऱ्हाड, गज, सगळ्याला हाच नियम.

दप्तरखाना

वेगळी बाजू मांडतो. मी जुन्या वस्तूंच्या जतनाच्या कामात आहे. आमच्याकडं नियम असा, की मूळ वस्तूला परत फिरवता येणार नाही असं काही करायचं नाही. वाफ दिली की लाकडातलं जुनं तेल, हाताचा घाम, काजळी, रंग हे सगळं हलतं. खाचांच्या कडा फुगून बोथट होऊ शकतात. माझं मत: आजोबांचा गज वाकलेलाच ठेवावा, त्याच्या खाचांची मापं घेऊन नवा करावा. वाक हाही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे.

मिरजेची_तार

दप्तरखाना, संग्रहालयाच्या काचेमागं हे शंभर टक्के खरं. पण घरातली वस्तू घरात वापरायची असते. शंभर वर्षांच्या तंबोऱ्याची जवारी (तारा टेकतात तो घोडीचा माथा घासून) आम्ही पुन्हा काढतो, कारण न काढली तर तो बोलणार नाही. गज कडीत बसला नाही तर बंदूक अपुरीच.

दप्तरखाना

तंबोऱ्याचा दाखला पटतो. निदान आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि खाचांची मापं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा एवढं तरी करा. आणि पितळी टोपी काढल्याशिवाय धग देऊ नका, धातू तापून आतलं लाकूड करपतं.

साताराचा_शिवार

दसऱ्याला सोनं लुटताना पूर्वी बार काढायचे, तेव्हा हे गज सगळ्यांच्या घरी नीट असायचे. आता बार नाहीत, गजही नाहीत.

पाटणखोरे

ते बंद झालं ते बरंच झालं. २०१९च्या शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकीर बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर तुरुंगाची शिक्षा आहे. ठासणीची बंदूक म्हणून सूट नाही.

जावळीकर

मंडळी, उशीर झाला. गणपती होऊन गेले, उघडीप मिळाली. सविस्तर लिहितो.

आधी दप्तरखाना यांचं ऐकलं. फोटो काढले, खाचांची मापं लिहिली. टोपी आडव्या खिळ्यानं बसवलेली होती, तो खिळा गंजलेला. बारीक ड्रिलनं काढला. टोकाचा फोटो रंदा_पटाशी यांना पाठवला.

रंदा_पटाशी

फोटो बघितला, रेष भिंगातून मोजली. धामण आहे. माझी खात्री आहे. कावडीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, धनुष्य, जिथं वाकून परत यायला हवं तिथं आपल्या सह्याद्रीत धामणच वापरत आले. परदेशात गजाला हिकरी वापरतात, आपल्याला धामण असताना दुसरीकडं बघायची गरज नाही. रेष टोकापासून टोकापर्यंत चाललीय. फोडून काढलेला गज आहे, हाती तासलेला. कुणीतरी जाणत्या माणसानं केलाय.

जावळीकर

हे मी वडिलांना वाचून दाखवलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, धामणच. आमचं जुनं गावठाण कोयना धरणाच्या शिवसागरात गेलं, ते झाड ओढ्याच्या कडेला होतं, तेही पाण्याखाली आहे. आजोबांनी त्याच झाडाची कावड केली आणि त्याच लाकडातून हा गज. मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं.

आता काम. दोन इंची लोखंडी पाईप, लांबी ४२ इंच. प्लास्टिकचा वापरू नका, वाफेनं लोळतो. एका टोकाला पाण्याचं झाकणबंद भांडं जोडलं, दुसऱ्या टोकाला फडक्याचा सैल बोळा, वाफेला वाट राहील असा. पाईप थोडा तिरका, साचलेलं पाणी भांड्याकडं परत यावं म्हणून. गज आत दोन तारांच्या घोड्यांवर, पाईपला टेकणार नाही असा. वेळेचा हिशोब रंदा_पटाशी यांनी फोनवर दिला: इंचभर जाडीला तासभर, म्हणजे १० मिलिमीटरला पंचवीस मिनिटं. जास्त वेळ ठेवून फायदा नाही म्हणाले.

फळीवर आधीच खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, सरळ रेषेपेक्षा पाऊण इंच उलट्या बाजूला. इतका बारीक गज मिनिटभरात गार होतो, त्यामुळं सगळी तयारी आधीच हवी. वडील एका टोकाला, मी दुसऱ्या. दोघांच्या हातात गोणपाटाचे तुकडे. खुंट्यांत बसवला आणि सहा दिवस सावलीत तसाच ठेवला.

सोडल्यावर माप: २२ वरून ६ मिलिमीटर.

टोपीकडची मुरड मात्र जशीच्या तशी. तिला माणदेशी_मेंढका यांची रीत. गॅसवर नको म्हणून कोळशाची शेगडी, फुगलेली बाजू खाली, वीतभर वरून फिरवत. चटका बसला की गुडघ्यावर, गार होईपर्यंत. पाच खेपा केल्या. चौथ्या खेपेला एका जागी रंग गडद झाला, तिथं थांबलो आणि दुसऱ्या दिवशी पाचवी केली. मुरड आता डोळ्याला दिसत नाही, बोटाला किंचित लागते.

बंदूक या सगळ्या वेळात दुसऱ्या खोलीत कुलपात होती, हे पाटणखोरे यांच्यासाठी.

माणदेशी_मेंढका

लय झ्याक केलंत. गडद झालं तितं थांबला त्ये शानपन.

रंदा_पटाशी

वा! आता तेल. गोडं तेल लावू नका. शेंगदाण्याचं तेल लाकडात कधी वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं, वास मारतं. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं. पातळ हात, चोळून पुसून टाकायचं, आठवडाभरानं दुसरा. ओल थोडी तरी अडेल.

तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. आमच्या शेजारच्या कामशाळेत रात्री लागलेली आग अशीच लागली होती. फडकी दोरीवर मोकळी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ऊसपट्टा

करडईचं चालेल का? घरचं घाण्याचं आहे.

रंदा_पटाशी

करडईही वाळते, पण जवसापेक्षा बरीच सावकाश. धीर असेल तर चालेल. फक्त दुसरा हात पहिला पुरता वाळल्यावरच.

जावळीकर

राहिलेल्या ६ मिलिमीटरचं काय करू? पुन्हा वाफ देऊ?

पाटणखोरे

अजिबात नको. थोडा बाक असलेला गज कड्यांत घट्ट बसतो. अगदी ओळंब्यासारखा सरळ गज चालताना सटकून पडतो. आमच्या वडिलांनी तर सरळ गजाला मुद्दाम किंचित बाक दिला होता. कड्यांतून नीट सरकतो आणि सोडल्यावर पडत नाही, एवढं बघा.

मिरजेची_तार

+१. आणि पुन्हा जमा करायची वेळ आली तर गज कड्यांत ठेवूनच द्या, वेगळा नाही. कड्या त्याला धरून ठेवतात.

कोरेगावची_लेक

आणि नळी साफ करायला हा गज वापरू नका. त्यासाठी वेळूची वेगळी काठी ठेवा. रोजचा जोर तिच्यावर जाऊ दे.

जावळीकर

दोन्ही करतो.

खंडेनवमी झाली. सकाळी पुन्हा दोरा ताणून माप घेतलं: ५ मिलिमीटर. पावसाळा सरल्यावर उलट थोडा सुधारलाच. गज तिन्ही कड्यांतून गेला, शेवटच्या कडीत थोडा दाब लागला, मग बसला. पूजेआधी वडिलांनी तो काढून नळीत सोडला आणि अंगठा फिरवला. वरची खाच तोंडाशी आली होती. खाचेच्या कडा वाफेनं थोड्या मऊ झाल्यात, दप्तरखाना यांनी सांगितलं होतं तसंच. पण बोटाला कळते.

टोपी नव्या पितळी खिळ्यानं बसवली. जुना खिळा डबीत ठेवलाय.

दप्तरखाना

जुना खिळा ठेवलात हे वाचून बरं वाटलं. डबीवर तारीख लिहा.

साताराचा_शिवार

रंदा_पटाशी दादा, आमच्या बंदुकीचा गज हरवलाय म्हटलं होतं. धामणीची एक जुनी कावड माळ्यावर सापडली, चार हात लांब, मधे पिळलेली. तिच्यातून गज निघेल का?

रंदा_पटाशी

पीळ कुठून कुठपर्यंत आहे ते खडूनं खूण करा आणि दोन्ही टोकांचे फोटो टाका. नळीची लांबी आणि कड्यांची आतली रुंदी मोजून पाठवा, बंदूक इकडं आणू नका. कावडीला करवत लावू नका. मी येईन तेव्हा कुऱ्हाडीनं फोडून बघू रेष कुठं जाते ते.